इंग्रजीत ‘जरा’ कसं म्हणायचं?

केळीपट्टा (रावेर)

नमस्कार मंडळी. आमच्या पॅकहाऊसमधून आखाती देशांतल्या खरेदीदारांना रोज इंग्रजीत मेल जातात. व्याकरण तपासून घेतलेलं असतं, तरी ‘तुमचं लिहिणं फार कडक वाटतं’ असं समोरून दोनदा आलं. नमुना देतो:

‘डिअर सर, यू हॅव नॉट सेंट द बॅलन्स पेमेंट. प्लीज सेंड टुडे. युअर कम्प्लेंट अबाउट कलर इज राँग. कंटेनर शुड रीच ऑन ट्वेंटिएथ. काइंडली डू द नीडफुल.’

हेच फोनवर मराठीत असतं तर ‘जरा बघता का’, ‘तेवढी बाकी पाठवलीत तर बरं होईल’ असं झालं असतं. इंग्रजीत हा ‘जरा’ बसवायचा कुठे? दुसऱ्या बाजूने, काही मेलमध्ये ‘आय थिंक’, ‘मे बी’, ‘काइंड ऑफ’ इतके असतात की खरेदीदार विचारतो, माल निघाला की नाही ते एकदा सांगा. तर किती घालायचं, कुठे घालायचं नाही, हे कोणी उदाहरणं देऊन सांगेल का? पाठ करायची यादी नको, कामाचं हवं.

तापीकाठ (भुसावळ)

भाऊ, तुमच्या मेलमधला मान वाटेत गळून पडलाय, एवढंच झालंय. मराठीत मान क्रियापदाच्या शेवटाला चिकटलेला असतो. पाठव, पाठवा, पाठवाल का, पाठवलंत तर, अशा चार पायऱ्या. वर ‘जरा’ आहे, ‘ना’ आहे. इंग्रजीत ‘यू’ एकच आणि ‘सेंड’चं रूपही एकच, त्यामुळे शब्दाला शब्द ठेवला की हातात नुसती आज्ञा उरते. ‘प्लीज सेंड’ म्हणजे ‘पाठवा’. ‘पाठवाल का’ होत नाही ते. ‘काइंडली’चं तर उलटंच होतं. आपल्याकडे तो नम्र शब्द मानतात, पण बाहेरच्या वाचकाला त्यात नोटिशीचा सूर ऐकू येतो.

ही जागा भरायला इंग्रजीत जे शब्द आणि ज्या रचना वापरतात त्यांना हेज म्हणतात, म्हणजे कुंपण. भाषाशास्त्रात हा शब्द रुळला तो जॉर्ज लेकॉफ यांच्या १९७२च्या निबंधापासून. त्यांचा विषय होता ‘सॉर्ट ऑफ’सारखे शब्द, जे एखाद्या गोष्टीची सीमा धूसर करतात. चिमणी हा पक्षी, वटवाघूळ ‘सॉर्ट ऑफ’ पक्षी. पुढे सभ्य बोलण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी याच शब्दांचं दुसरं काम दाखवलं: समोरच्याला बोचू न देणं.

ही दोन कामं वेगळी ठेवा, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. ‘द कंटेनर मे बी डिलेड’ इथे आपल्याला खरंच माहीत नाही. ‘देअर मे बी अ स्मॉल मिस्टेक इन द इनव्हॉइस’ इथे चूक आपल्याला पक्की माहीत आहे, फक्त समोरच्याला सावरायला जागा दिली आहे. शब्द तोच, काम वेगळं. म्हणून लिहिण्याआधी स्वतःला विचारा: मला खात्री नाही, की विषय नाजूक आहे? दोन्ही नसेल तर हेज घालूच नका. ज्या मेलमध्ये ‘आय थिंक’ भरमसाट आहेत तिथे हा प्रश्न विचारलेलाच नसतो.

आता तुमचा ‘जरा’. त्याला एक शब्द नाही. ‘लिटल सेंड’ तर काहीच होत नाही. त्याची कामं तीन-चार रचना वाटून घेतात.

पहिली म्हणजे भूतकाळ. ‘आय वॉन्ट टू आस्क’पेक्षा ‘आय वॉन्टेड टू आस्क’ मऊ, आणि ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड’ त्याहून मऊ. विद्यार्थी अडतात की विचारायचंय आत्ता, मग भूतकाळ कशाला? पण आपणही दारात उभं राहून ‘एक विचारायचं होतं’, ‘तुमच्याकडे जरा काम होतं’ असंच म्हणतो. काम झालेलं नसतं, तरी ‘होतं’. भूतकाळाने विनंती हातभर लांब धरली जाते, नाही म्हणायला जागा राहते. दोन्ही भाषांत युक्ती एकच आहे, त्यामुळे ही सगळ्यात लवकर अंगवळणी पडते.

दुसरी रचना ‘इट वुड बी ग्रेट इफ यू कुड’. ही जवळजवळ आपली ‘दिलंत तर बरं होईल’. इथे ‘इफ यू कॅन’ लिहून ‘वुड’ची जोडी मोडू नका, आणि ‘इफ यू वुड कुड’ असं दोन्ही एकदम तर मुळीच नको.

तिसरी ‘वुड यू माइंड’. हिच्यात दोन खड्डे आहेत. पुढचं क्रियापद ‘इंग’चं हवं: ‘वुड यू माइंड सेंडिंग’, ‘टू सेंड’ चुकीचं. आणि कोणी आपल्याला असं विचारलं तर होकार ‘नो, नॉट ॲट ऑल’ने द्यायचा. प्रश्नाचा अर्थ ‘तुमची हरकत आहे का’ असा आहे. नुसतं ‘येस’ म्हटलं की अक्षरशः ‘हो, हरकत आहे’ असं होतं. फोनवर समोरचा क्षणभर थांबतो तो यामुळे.

चौथी, नकार पुढे ओढणं. ‘आय थिंक द कलर इज नॉट अ प्रॉब्लेम’ यापेक्षा ‘आय डोन्ट थिंक द कलर इज अ प्रॉब्लेम’. ‘मला नाही वाटत तो येईल’ असं आपणही म्हणतो, अहिराणीत ‘माले नही वाटस’. बोलताना जे सहज येतं ते इंग्रजी लिहिताना शाळेतल्या भाषांतराच्या सवयीने उलटं होतं.

आणि ‘आय ॲम अफ्रेड’. यात भीतीचा अंशही नाही. वाईट बातमीच्या आधी लावायचा ‘काय आहे ना’ आहे तो. ‘आय ॲम अफ्रेड द क्वांटिटी इज शॉर्ट’ म्हणजे माल कमी भरलाय आणि मला ते सांगायला अवघड जातंय. चांगल्या बातमीला लावू नका.

सातपुडा_भाषांतर (शिरपूर)

तापीकाठ सरांनी पाया नीट घातलाय. मी फक्त अंशदर्शक शब्दांबद्दल लिहितो, कारण अर्थ उलटा होतो तो तिथे.

‘अ बिट’, ‘स्लाइटली’, ‘अ लिटल’ हे नावडत्या गुणांनाच लागतात. ‘अ बिट लेट’, ‘अ बिट ग्रीन’, ‘स्लाइटली डॅमेज्ड’ चालतं. ‘अ बिट गुड’ म्हणत नाहीत. मात्र तुलना आली की चालतं: ‘अ बिट बेटर’. ‘फेअरली’ साधारण आवडत्या गुणाला, ‘रादर’ बहुतेक वेळा नावडत्याला. ‘फेअरली वॉर्म’ म्हणजे छान ऊब, ‘रादर वॉर्म’ म्हणजे जास्तच गरम.

‘क्वाइट’ जपून वापरा. ब्रिटिश वळणाच्या माणसाने ‘क्वाइट गुड’ लिहिलं तर ‘बरं आहे’ इतकंच. अमेरिकन वळणाच्या माणसाने लिहिलं तर ‘खूप चांगलं’. आणि ‘क्वाइट इम्पॉसिबल’मध्ये दोघांसाठीही ‘अगदीच अशक्य’, कारण अशक्य कमी-जास्त होत नसतं. समोरचा कोणत्या वळणाचा आहे ठाऊक नसेल तर ‘क्वाइट’ आपण वापरू नये, आणि आला तर त्यावर भाव ठरवू नये.

‘नॉट आयडियल’, ‘नॉट व्हेरी हॅपी विथ’ हे वाचून आपले लोक ‘थोडं कमी आवडलं’ असं समजतात. खरं तर ही नाराजी आहे, फक्त आवाज खालचा. ‘द फिंगर लेंग्थ वॉज नॉट आयडियल’ आलं की एकेका केळ्याची लांबी त्यांना चाललेली नाही हे समजून पुढच्या कटाईआधीच बोलून घ्या. तसंच ‘यू मे वॉन्ट टू चेक द लेबल्स’. ही सूचना आहे, तुमच्या मर्जीचा प्रश्न नाही. लेबलं तपासाच.

आकड्यांचं आपलं मराठी फार समृद्ध आहे, आणि तेच इंग्रजीत फसतं. ‘दहाएक पेट्या’, ‘पंधरा-वीस दिवस’, ‘साताच्या सुमारास’, ‘लालसर’. ‘दहाएक’ला ‘अबाउट टेन’ किंवा ‘टेन ऑर सो’. ‘चार-पाच दिवस’ला ‘फोर ऑर फाइव्ह डेज’. मधला ‘ऑर’ गाळून ‘फोर-फाइव्ह डेज’ लिहिलं की बाहेरचा वाचक त्याला पंचेचाळीस म्हणूनही वाचू शकतो. ‘सुमारास’ला ‘अराउंड’. लालसरमधल्या ‘सर’ला ‘इश’ चालतो, ‘ग्रीनिश’, पण ‘सेव्हनिश’ फक्त बोलण्यात.

तुमच्या मेलमधला ‘शुड’ आता. आपण शाळेत ‘शुड म्हणजे पाहिजे’ असं शिकतो, म्हणून ‘कंटेनर पोहोचलाच पाहिजे’ असं ठासून लिहिल्यासारखं वाटतं. वाचणारा मात्र ‘पोहोचेल अशी अपेक्षा, हमी नाही’ असं वाचतो. हमी द्यायची तर ‘विल’. वेळापत्रकाप्रमाणे सांगायचं तर ‘इज ड्यू ऑन’. आणि तोच ‘शुड’ माणसाला लावला, ‘यू शुड पे’, की लगेच कानउघाडणी होते. ‘मस्ट’चंही तसंच: ‘द ट्रक मस्ट बी इन चाळीसगाव’ म्हणजे ‘एव्हाना चाळीसगावात असणार’, असायला हवा असा हुकूम नव्हे. आपल्या ‘असेल, असावा, असणार’ या उतरंडीसमोर ‘मे बी, प्रॉबेब्ली इज, मस्ट बी’ ठेवलं तर बरोबर जुळतं.

मिरचीबाजार (नंदुरबार)

एवढा आडपडदा कशाला? धंद्यात सरळ बोललेलं बरं. पैसे आले नाहीत तर आले नाहीत. गोलगोल लिहून समोरचा उशीर करत बसतो.

चोपडा_बँकिंग

मिरचीबाजार दादा, तुमच्या म्हणण्याला एका जागी पूर्ण आधार आहे: आकडा, तारीख, तापमान, रक्कम. तिथे सौम्य शब्द घालणं म्हणजे नुकसान ओढवून घेणं.

केळीचंच घ्या. रीफर कंटेनर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर, साधारण १३ ते १४ अंशांवर ठेवतात. त्याखाली गेलं की थंडीचा मार बसतो, साल मळकट-करडी पडते आणि पिकवणगृहात नीट पिवळी होत नाही. तेव्हा वाहतूकदाराला ‘टेम्परेचर शुड बी अराउंड थर्टीन ऑर सो’ लिहिणं घातक आहे. ‘सेट द रीफर ॲट १३.५ डिग्रीज सेल्सिअस’ एवढंच, आज्ञार्थात. इथे कोणालाही उद्धट वाटत नाही, कारण सूचनापत्राची ती रीतच आहे.

कागदपत्रांत तर हेजला कायद्याचं वजन असतं, आणि हे फार जणांच्या लक्षात येत नाही. लेटर ऑफ क्रेडिटचे (एल.सी., म्हणजे कागदपत्रं बरोबर असली तर पैसे देण्याची बँकेची हमी) जे आंतरराष्ट्रीय नियम १ जुलै २००७ पासून लागू आहेत, यूसीपी ६००, त्यांच्या ३०व्या कलमाप्रमाणे रकमेला, नगाला किंवा दराला ‘अबाउट’ किंवा ‘ॲप्रॉक्झिमेटली’ लावलं तर वर-खाली १० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. ज्या आकड्याला लावलं त्यालाच, बाकीच्यांना नाही. नगाला ‘अबाउट’ आहे आणि रकमेला नाही, तर १० टक्के जास्त माल पाठवून तेवढी जास्त रक्कम मागता येत नाही. शब्द नसताना ५ टक्क्यांची वेगळी सूट आहे, पण माल बॉक्सच्या संख्येत लिहिला असेल तर ती लागू होत नाही, म्हणजे केळीला बहुधा नाहीच. तिसऱ्या कलमात ‘ऑन ऑर अबाउट’ आहे: दिलेल्या तारखेच्या आधीचे पाच आणि नंतरचे पाच दिवस, दोन्ही टोकं धरून. मेलमध्ये ‘अबाउट’ हा नुसता मऊपणा, एल.सी.मध्ये तो मोजलेला आकडा.

बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीने मालाची दिलेल्या पावतीवर, ‘सेड टू कंटेन’ छापलेलं पाहिलंय ना? तोही हेजच. जहाज कंपनी म्हणते, आत इतके बॉक्स आहेत असं पाठवणाऱ्याने सांगितलं, आम्ही मोजले नाहीत.

जिवाचा प्रश्न असेल तर मऊ बोलणं किती महाग पडतं याचं उदाहरण वैमानिकांना शिकवतात. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियातून न्यूयॉर्कला निघालेलं बोइंग ७०७ विमान इंधन संपून लाँग आयलंडवर कोसळलं. ७३ माणसं गेली. इंधन संपत आल्याचं वैमानिक नियंत्रकांना सांगत होते, प्राधान्यही मागितलं होतं, पण ‘इमर्जन्सी’ हा ठरलेला शब्द त्यांनी उच्चारला नाही. त्या एका शब्दाने जी धावपळ सुरू झाली असती ती झाली नाही.

पण दादा, थकलेल्या पैशाच्या मेलमध्ये रक्कम आणि तारीख टणक ठेवून फक्त विचारणा मऊ करता येते. त्याने उशीर होत नाही. उलट समोरच्याला तोंड लपवायची वेळ येत नाही, म्हणून उत्तर लवकर येतं.

मिरचीबाजार (नंदुरबार)

हे पटलं. आकडा टणक, विचारणा मऊ.

केळीपट्टा (रावेर)

सगळ्यांचे आभार. पुन्हा लिहून पाहिलं, तपासाल का?

‘डिअर सर, आय ॲम अफ्रेड आय थिंक मे बी द बॅलन्स पेमेंट इज पॉसिब्ली पेंडिंग. आय वॉज जस्ट वंडरिंग इफ यू कुड काइंडली सेंड. वी डोन्ट थिंक द कलर इज अ प्रॉब्लेम. द कंटेनर इज ड्यू ऑन ट्वेंटिएथ.’

तापीकाठ (भुसावळ)

शेवटची दोन वाक्यं उत्तम. पहिल्यात मात्र चार कुंपणं एकाच बांधावर आलीत: ‘आय ॲम अफ्रेड’, ‘आय थिंक’, ‘मे बी’, ‘पॉसिब्ली’. बाकी थकलेली आहे हे तुमच्या खातेवहीत स्पष्ट आहे, मग खात्रीवर शंका घेणारे तीन शब्द कशाला? वाचणाऱ्याला वाटेल, यांचा हिशोबच पक्का नाही. विषय फक्त नाजूक आहे, म्हणून नाजूकपणाचा एकच ठेवा. माझा साधा नियम: एका वाक्यात एक हेज, फार तर दोन, आणि दोन असतील तर वेगवेगळ्या कामाचे.

दुसऱ्या वाक्यात ‘जस्ट’ आणि ‘काइंडली’ काढा. ‘जस्ट’ एका मेलमध्ये एकदा शोभतो, दुसऱ्यांदा आला की माणूस माफी मागत आलाय असं वाटतं. आणि ‘सेंड’ पुढे काय, कधीपर्यंत, हे राहिलंय. मऊ करण्याच्या नादात कर्म आणि तारीख गाळणं ही सगळ्यात नेहमीची चूक.

एक लिखाणातली गोष्ट: ‘कदाचित’ अर्थाचा ‘मेबी’ रोमन लिपीत जोडून लिहितात, ‘असू शकेल’ अर्थाचा ‘मे बी’ तोडून. ‘मेबी द ट्रक इज लेट’, पण ‘द ट्रक मे बी लेट’. स्पेलिंग तपासणारा प्रोग्राम ही चूक बऱ्याचदा पकडत नाही. धंद्याच्या मेलमध्ये जोडलेल्याऐवजी ‘परहॅप्स’ घाला किंवा क्रियापदातच ‘मे’ आणा, जास्त नीटस दिसतं. ‘काइंड ऑफ’ आणि ‘सॉर्ट ऑफ’ लेखी कामातून पूर्ण काढा, ते बोलण्याचे आहेत.

सातपुडा_भाषांतर (शिरपूर)

फोनवर बोलणाऱ्यांसाठी दोन गोष्टी जोडतो. ‘आय थिंक’ सुरुवातीला ठासून म्हटलं तर ते मत होतं, जवळजवळ ‘माझं म्हणणं असं की’. शेवटी हलकेच सोडलं, ‘द ट्रक लेफ्ट ॲट सिक्स, आय थिंक’, तर ‘बहुतेक सहाला निघाला, वाटतं’. तुम्हाला शंका दाखवायची असेल तर शेवटी ठेवा.

आणि आपल्या ‘ना’चं इंग्रजी करताना सगळीकडे ‘इजन्ट इट’ लावतात. ‘यू रिसीव्ड द पेपर्स, इजन्ट इट’ चूक. ‘डिडन्ट यू’ हवं. सूर खाली उतरवला तर तो आपला सहमती मागणारा ‘ना’, वर चढवला तर खरा प्रश्न. उतरता सूर लावून पैशाबद्दल ‘यू सेंट इट, डिडन्ट यू’ विचारलं तर उलटतपासणी वाटते. तिथे शेपूट न लावता ‘हॅव यू हॅड अ चान्स टू सेंड इट’ म्हणा. ‘वेळ मिळाला का’ असं विचारल्याने न पाठवण्याचं कारण आपणच हाती देतो, आणि तरी विषय पैशाचाच राहतो.

‘ॲक्च्युअली’ सौम्य करतो असा समज आहे, तो करत नाही. वाक्याच्या सुरुवातीला आला की ‘तुम्ही समजता तसं नाही’ असा दुरुस्तीचा सूर लागतो.

तापीकाठ (भुसावळ)

बरोबर. आणि तक्रारीचं उत्तर देताना ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’ टाळा, भाऊ. शब्द आदराचे असले तरी त्यापुढे विरोधच येणार हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं. त्याऐवजी आधी त्यांचं म्हणणं ऐकलं असं दाखवा, मग पुरावा कशाचा ते सांगा. ‘द लोडिंग फोटोज सीम टू शो’ मधला ‘सीम टू’ इथे अगदी चपखल आहे, कारण फोटोवरून तुम्ही अंदाजच करताय. रंगाचं वाक्य त्यात बसवून तुमचा मेल असा होईल, रक्कम तुमची तुम्ही भरा:

‘डिअर सर, आय ॲम अफ्रेड द बॅलन्स ऑफ … इज स्टिल पेंडिंग. आय वॉज वंडरिंग इफ यू कुड रिलीज इट बाय थर्सडे. थँक यू फॉर द नोट अबाउट कलर. द लोडिंग फोटोज सीम टू शो अ युनिफॉर्म ग्रीन. कुड यू सेंड अस फोटोज ऑफ द बॉक्सेस यू ओपन्ड? द कंटेनर इज ड्यू ऑन द ट्वेंटिएथ.’

केळीपट्टा (रावेर)

पाठवतो. ‘थर्सडे’ला तारीखही जोडतोय, कारण त्यांच्याकडची आठवडी सुट्टी वेगळी असू शकते.

चोपडा_बँकिंग

तारीख जोडाच. महिना अक्षरी लिहा, नाहीतर ५/६ म्हणजे पाच जून की सहा मे, यावर पुन्हा दोन मेल जातील.